मल्टिमीडियाचा कोर्स झाला, २४ ठिकाणी रील पाठवली. पहिली नोकरी मिळते कशी?

कळव्याची_फ्रेम

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

मल्टिमीडिया डिझाइनचा तीन वर्षांचा डिग्री कोर्स मे महिन्यात संपला. राहते कळव्याला. कोर्समध्ये सगळंच थोडं थोडं झालं: फोटोशॉप, इलस्ट्रेटर, प्रीमिअर, आफ्टर इफेक्ट्स, एका सेमिस्टरला ब्लेंडर, एका सेमिस्टरला फिग्मा, शिवाय साउंड आणि फोटोग्राफी. मार्क चांगले आहेत. जूनपासून आजपर्यंत २४ ठिकाणी रील (माझ्या निवडक कामांचा व्हिडिओ) आणि रेझ्युमे पाठवला. उत्तर आलं चार ठिकाणांहून. दोघांनी "एक्सपीरियन्स किती?" एवढंच विचारलं आणि विषय संपला.

तिसऱ्यांनी टेस्ट दिली. एका सरबतासाठी १५ सेकंदांचं ॲनिमेशन, तीन दिवसांत. मी दोन रात्री जागून केलं. बाटलीच्या मागून लिंबाची फोड फिरत येते, तिची चकती होते आणि त्या चकतीचा सूर्य होतो. प्रोजेक्ट फाइलसकट पाठवा म्हणाले, तशी पाठवली. नंतर त्यांनी फोन उचलला नाही. महिन्याभराने त्या सरबताच्या पेजवर व्हिडिओ दिसला. तीच फोड, तोच सूर्य, मागचा पिवळासुद्धा तोच. आईला दाखवला तर ती खूश होऊन म्हणाली, "अगं, हे तर तू केलेलं! लागली का नोकरी?" तिला काय सांगायचं ते मला कळेना.

चौथ्यांची ऑफर आहे. अंधेरी पश्चिमेला लहान स्टुडिओ, सहा महिने 'कन्सल्टंट' म्हणून, महिना १२ हजार, रात्री उशिरापर्यंत थांबावं लागेल हे आधीच सांगितलंय. मला कळव्याहून स्लो लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर आणि पुढे चालत, म्हणजे दारापासून दारापर्यंत दीड तास.

बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतात आणि माझ्या कोर्सच्या कर्जाचे हप्ते सुरू होणार आहेत. मामा म्हणतो थ्रीडीचा सहा महिन्यांचा क्लास लाव, फी ८० हजार, ती तो भरायला तयार आहे. मला त्याचे पैसे वाया घालवायचे नाहीत.

तर माझे प्रश्न: क्लास लावू का? ही ऑफर घेऊ का? आणि इंटरव्ह्यूत सगळे विचारतात, "तू नक्की काय करतेस?" त्याला काय उत्तर द्यायचं? रीलची लिंक आणि रेझ्युमे खाली दिला आहे, रील २ मिनिटं ४० सेकंदांची आहे. स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

ठाणे_रेंडर

क्लास आत्ता लावू नकोस. मी लावला होता. सहा महिन्यांनी माझ्याकडे आणखी एक सर्टिफिकेट होतं आणि रीलमध्ये क्लासमधल्या सगळ्यांनी केलेला तोच रोबो. थ्रीडी मनापासून करायचं असेल तर ब्लेंडर फुकट आहे, तुला थोडं येतंही. मामांना सांग, पैसे ठेवा; चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा मागेन.

टाइमलाइनवाला

तुझी रील दोनदा बघितली. मी ११ वर्षं मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलती अक्षरं आणि चित्रं करतोय, बहुतेक काम टीव्हीच्या प्रोमोंचं आणि आता मोबाइलवरच्या उभ्या व्हिडिओंचं. जरा सविस्तर लिहितो.

पहिली ४० सेकंदं तुझ्या नावाचा लोगो, मग चकचकीत गोळे, मग एका बुटाची जाहिरात. हे सगळं मी दर आठवड्याला बघतो. यूट्यूबवरच्या ट्युटोरिअलमधून आलंय हे ओळखू येतं. पण १ मिनिट ५२ सेकंदांवर मासळी बाजाराच्या पाट्या येतात ना, तिथे मी खुर्चीत सरळ बसलो. पापलेट, सुरमई, मांदेली, बोंबील. खडूने लिहिल्यासारखं अक्षर, आणि 'बोंबील' हा शब्द पाटीवरून ओला होऊन घसरतो, वरचा अनुस्वार मागे राहतो आणि मग टपकन खाली पडतो. हे कुठल्या ट्युटोरिअलमध्ये नाही. हे तू कुठेतरी उभी राहून बघितलंयस. ते दहा सेकंदांचं काम रीलच्या अगदी सुरुवातीला आण. लोगो काढ, गोळे काढ, बूट काढ. रील एका मिनिटाच्या आत बसव. कमी काम दिसेल ही भीती सोड, कारण बघणारा तुझ्या सगळ्यात कच्च्या तुकड्यावरून तुला मोजतो.

आता "नक्की काय करतेस" याचं उत्तर. मल्टिमीडिया शिकलेल्या प्रत्येकाची हीच अडचण. कोर्स सात दरवाजे दाखवतो आणि स्टुडिओला एका खुर्चीवर एक माणूस हवा असतो. रेझ्युमेवर तू फोटोशॉप ९० टक्के, ब्लेंडर ६० टक्के अशा पट्ट्या काढल्या आहेस, त्या काढून टाक. ९० टक्के फोटोशॉप म्हणजे किती हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी एक ओळ लिही: "मी मोशन डिझाइन करते, विशेषतः मराठी अक्षरांचं." माझ्या मते तुझं उत्तर हेच आहे, आणि या शहरात त्याला मागणी आहे.

का ते सांगतो. मुंबईत मराठी मालिका, बातम्या, बँकांच्या आणि सरकारी जाहिराती, गणपती आणि दिवाळीच्या पोस्ट, सगळीकडे देवनागरी लागते. पण स्टुडिओतल्या बऱ्याच जणांना ती नीट बसवता येत नाही. आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या व्हर्जनमध्ये साधी सेटिंग असेल तर 'निर्णय' टाइप केल्यावर पहिली वेलांटी 'न'च्या पुढे जाऊन बसते आणि रफार सुटून वेगळा पाय मोडलेला 'र' दिसतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करायचं आणि नवा प्रोजेक्ट उघडायचा, एवढंच. पण हे माहीत नसल्यामुळे चुकलेला मजकूर छापून, प्रसारित होऊन गेलेला मी बघितलाय. दुसरं, एकेक अक्षर उडवत आणायचे तयार प्रिसेट इंग्रजीसाठी केलेले असतात. 'स्त्री' हा शब्द तसा आणायला गेलीस की जोडाक्षर फुटू शकतं. मग एक तर अख्खा शब्द हलवायचा, नाहीतर इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, एकेक अक्षरगट वेगळा काढायचा. तू 'बोंबील'ला अनुस्वार वेगळा केलायस, म्हणजे हे तुला हाताने कळलंय.

तिसरं, 'ल' आणि 'श'. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला. अनेक फाँट हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' देतात. मराठी क्लायंटला ते खटकतं, पण नेमकं काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही. तो फक्त "काहीतरी चुकतंय" म्हणतो. तुला सांगता आलं पाहिजे. मुंबईतल्याच एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट मिळतात. ते आणि आणखी पाच-सहा घे, एकच वाक्य सगळ्यांत लावून शेजारी शेजारी ठेवून बघ. दादरच्या दुकानांवरच्या जुन्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढ. जेजेत अप्लाइड आर्ट शिकलेल्यांकडून एवढं एक घेण्यासारखं आहे: त्यांची नजर अक्षरावर तयार झालेली असते, सॉफ्टवेअर नंतर येतं.

आणि एक गोष्ट माझ्यावर गुदरलेली. २०१४ साली अंधेरीत माझी पहिली नोकरी. चौथ्या महिन्यात एका मालिकेच्या प्रोमोचं टायटल मी केलं, सगळ्यांना आवडलं. रात्री साडेआठला मी निघालो. रात्री एकला सीनिअरचा फोन: चॅनलने वेळ बदलली, '८ वाजता'चं '८.३०' करायचंय. त्याने माझी फाइल उघडली तर आत 'कॉम्प १' ते 'कॉम्प ४३' (कॉम्प म्हणजे प्रोजेक्टमधला एकेक तुकडा), एकालाही नाव नाही, आणि अर्धं फुटेज 'मिसिंग', कारण ते माझ्या पेनड्राइव्हवर होतं आणि पेनड्राइव्ह माझ्या खिशात, डोंबिवलीत. मी तिथे वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. एक आकडा बदलण्यासाठी त्या माणसाने पहाटे पाचपर्यंत बसून अख्खं टायटल नव्याने उभं केलं. सकाळी मी गेलो तेव्हा तो ओरडला नाही. त्याने मला शेजारी बसवलं आणि फाइल मेनूत डिपेंडन्सीज, त्यात कलेक्ट फाइल्स, हे दाखवलं; त्याने प्रोजेक्टला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये येतात. मग म्हणाला, "तुझी फाइल तुझ्याशिवाय उघडली पाहिजे." त्याचे डोळे लाल झाले होते. ते डोळे मी विसरलेलो नाही.

कॉलेजात फाइल आपणच उघडतो, आपणच बंद करतो. नोकरीत ती दुसरा उघडतो, बहुतेक वेळा रात्री, आणि बहुतेक वेळा घाईत. तू आत्ताच तुझे सगळे प्रोजेक्ट असे लावून ठेव: फुटेज, ऑडिओ, फाँट, रेंडर यांचे वेगळे फोल्डर, कॉम्पना नावं, फाइलला व्ही०१, व्ही०२. इंटरव्ह्यूला लॅपटॉप घेऊन जा आणि रीलनंतर मासळी बाजाराची फाइल उघडून दाखव. मी असतो तर रीलपेक्षा त्यावरून ठरवलं असतं.

मालाड_प्रोड्युसर

वरच्या दादांनी कामाचं सांगितलंय, मी पैशांचं आणि कागदांचं सांगते. स्टुडिओत माणसं घेण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे.

आधी ती टेस्ट. वाचून राग आला. टेस्ट देणं सर्रास चालतं आणि ती द्यावी लागेल, पण नीट टेस्ट म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, आणि शक्यतो बनावट किंवा जुन्या ब्रँडचं. चालू क्लायंटचं काम मागत असतील तर विचारायचं, "हे वापरणार आहात का? वापरलंत तर मानधन किती?" विचारल्यामुळे जी नोकरी जाईल ती गेलेलीच बरी. पाठवताना फक्त व्हिडिओ, कमी रेझोल्यूशनचा, मधोमध नावाचा वॉटरमार्क. प्रोजेक्ट फाइल कधीच नाही. तुझ्या बाबतीत तू त्यांची नोकर नव्हतीस, पैसे घेतले नव्हतेस, काही लिहून दिलं नव्हतंस. त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू बनवलेल्या ॲनिमेशनची पहिली मालक तूच आहेस. तारखेची मेल आणि मूळ फाइल तुझ्याकडे आहेच. शांतपणे, शिव्या न देता एक मेल लिही: हे काम माझं आहे, मानधन द्या किंवा काढा. उत्तर येईलच असं नाही, पण लिही. आणि ते काम तुझ्या रीलमध्ये जरूर घाल. नोकरीत केलेल्या कामाचं उलट असतं: वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ते मालकाचं. ते रीलमध्ये टाकायचं तर आधी प्रसारित होऊ दे आणि परवानगी माग.

आता ऑफर. 'कन्सल्टंट' म्हणजे तू कागदावर कर्मचारी नाहीस. पीएफ नाही, पगारी रजा नाही. वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेच्या पुढे गेली की साधारणपणे १० टक्के टीडीएस कापतात, म्हणजे १२ हजारांतले हातात १० हजार ८००. उत्पन्न एवढंच असेल तर रिटर्न भरल्यावर कापलेले परत मिळतात, म्हणून रिटर्न न चुकता भर. पॅन दिला नाहीस तर २० टक्के कापतील. पगारावर घेतलं तर महाराष्ट्रात बायकांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर लागत नाही, हेही माहीत असू दे. एका मुलीचा आमच्याच हिशेबात चुकून कापला गेला होता, तिने दाखवलं म्हणून परत मिळाला.

रात्रीचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर सुरक्षेची सोय करून घरापर्यंत सोडणं मालकाचं काम. हा कायदा पूर्णपणे लागू होतो ठरावीक संख्येच्या वर माणसं असलेल्या ठिकाणी, म्हणून तिथे किती जण आहेत ते विचार. लहान जागा असली तरी "उशीर झाला तर कळव्यापर्यंत गाडी कोण देणार?" हे मेलवर विचारून घे. तोंडी "हो हो, बघू" नको. मुंबईत या एका प्रश्नावरून चांगल्या मुली सहा महिन्यांत नोकऱ्या सोडतात, आणि काम त्यांना जमत नव्हतं म्हणून नाही.

मूळ मार्कशीट, मूळ सर्टिफिकेट कोणाकडेही ठेवायला देऊ नकोस. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवून घरी आणायचं.

शेवटचं, मेलबद्दल. तुझ्या रेझ्युमेतली रीलची लिंक मी उघडली तर गुगल ड्राइव्हने "रिक्वेस्ट ॲक्सेस" दाखवलं. इथे दिलेली लिंक उघडली, ती नाही. माझ्याकडे सोमवारी सकाळी ४०-५० मेल असतात. परवानगी मागत बसायला मला वेळ नसतो, दुसऱ्या कोणालाही नसतो. तुझ्या २४ पैकी किती जणांनी रील बघितलीच नसेल?

कळव्याची_फ्रेम

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी लगेच बाबांच्या फोनवरून रेझ्युमेतली लिंक उघडली. खरंच बंद होती. मी नेहमी माझ्याच लॉगिनमधून तपासायचे, म्हणून मला कायम उघडी दिसायची. चार महिने. थोडा वेळ रडू आलं, मग दुरुस्त केली.

दादा, त्या पाट्या कळव्याच्या बाजारातल्या आहेत. आजी रोज एका मावशीकडून मासे घ्यायची, मी पिशवी धरायला बरोबर जायचे. मावशी ओल्या हातानेच पाटी लिहायची, त्यामुळे एखादं अक्षर नेहमी पुसलेलं असायचं. कॉलेजच्या ज्युरीत सर म्हणाले होते, "हे फार लोकल झालं, काहीतरी इंटरनॅशनल कर." म्हणून मी ते रीलच्या शेवटी ढकललं होतं.

अंधेरीवाल्यांना मेल करून गाडीचं आणि पगारावर घेण्याचं विचारते.

टाइमलाइनवाला

सरांचा मान राखून सांगतो, ते सुरुवातीलाच राहू दे. आणि व्हिडिओ उभाही काढ, १०८० बाय १९२०. आडव्याचा नुसता मध्य कापून उभा करू नकोस, पाट्या एकाखाली एक नव्याने लाव. टीव्हीवाल्यांकडे पाठवायचा तो सेकंदाला २५ फ्रेमचा असू दे.

कळव्याची_फ्रेम

तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगते.

अंधेरीवाल्यांनी गाडीच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. दोनदा आठवण केली, मग मीच नाही कळवलं. सरबताच्या मेललाही उत्तर नाही, पण चार दिवसांनी तो व्हिडिओ पेजवरून गेला. पैसे मिळाले नाहीत. आईला आता सगळं खरं सांगितलंय.

रील ५२ सेकंदांची केली, पाट्या पहिल्या. नऊ ठिकाणी पाठवली, तिघांनी बोलावलं. साकीनाक्याच्या एका स्टुडिओत मला सरळ मशिनवर बसवलं आणि त्यांची एक अर्धवट फाइल उघडून दिली. स्क्रीनवर 'हार्दिक' लिहिलं होतं आणि रफार सुटला होता, वेलांटी भलतीकडे होती. मी टाइपची सेटिंग बदलली, नवा प्रोजेक्ट उघडला, फाइल त्यात आणली, मजकूर परत टाइप केला. मागे उभे असलेले सर काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या खोलीतून आणखी एकाला बोलावून आणलं आणि म्हणाले, "परत करून दाखव." मग माझी मासळीची फाइल बघायला मागितली. मी सगळ्या कॉम्पना नावं दिली होती. 'बोंबील_अनुस्वार_पडतो' हे नाव वाचून ते दोघंही बराच वेळ तिथेच थांबले.

तीन महिने १५ हजार, नंतर पगारावर १९, असं लेखी मिळालंय. एकूण १४ जण आहेत. साडेनऊनंतर थांबवलं तर गाडी, हेही पत्रात आहे. घाटकोपरहून मेट्रोचं तिसरंच स्टेशन, त्यामुळे एका बाजूला तासाभरात पोचते. मामाचे ८० हजार मामाकडेच आहेत.

आज सहावा दिवस, आणि अडकले आहे. एका पतपेढीने दिवाळीच्या व्हिडिओसाठी मराठी मजकूर वर्डमध्ये आणि पीडीएफमध्ये पाठवलाय. पीडीएफमध्ये नीट दिसतो, पण वर्डमधून कॉपी करून आणला की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होतात. उद्या सकाळी ११ ला पहिला ड्राफ्ट द्यायचाय. हे काय आहे?

टाइमलाइनवाला

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं आहे, युनिकोड (सगळ्या फाँटमध्ये चालणारी पद्धत) नाही. आधी वर्डमध्ये फाँटचं नेमकं नाव बघ, मग त्याच फाँटचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घे. झाल्यावर पीडीएफ शेजारी उघडी ठेव आणि एकेक शब्द बोट ठेवून वाच. 'ष्ट', 'द्ध', 'र्‍या' आणि आकडे इथे हमखास गडबड होते. पतपेढी आहे, व्याजाचा दर दोनदा बघ. आणि क्लायंटचा मूळ वर्ड प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकून ठेव.

कळव्याची_फ्रेम

सापडलं! 'समृद्धी'तला 'द्ध' खरंच फुटला होता. व्याजदर बरोबर आहे, दोनदा बघितला.